पाच ताऱ्यांना तीट

आमच्या कॉलेजात ज्या विषयाला कोणी वाली नसतो, तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. मी खरं तर इतिहास शिकवते. पण पर्यावरण माझ्याकडे, मतदार जागृती माझ्याकडे, वृक्षारोपणाच्या दिवशी खड्डे मोजायचं कामही माझ्याकडे. ‘इंटरनेट कौशल्ये’ नावाचा नवा पेपर आला, तेव्हा संगणकवाल्यांनी अंग काढून घेतलं, कॉमर्सवाल्यांनी तास भरल्याचं सांगितलं आणि प्राचार्य माझ्याकडे बघून गोड हसले. “मॅडम, तुम्ही बराच वेळ फोनवर दिसता.”

मी फोनवर दिसते कारण नवरा नांदेडला बदलीवर आहे. पण एवढ्या पात्रतेवर मी इंटरनेटची मास्तरीण झाले.

पहिल्या तासाला मला जरा भीती होती. ही पोरं पाळण्यात असल्यापासून मोबाईल खेळवणारी, यांना मी काय शिकवणार? भीती पंधरा दिवसांत गेली आणि तिच्या जागी संताप आला. आमची पोरं स्वतःला दौलताबादच्या किल्ल्यावरून ढगात उडवून दाखवतात, मागे ढोल-ताशा लावतात, आणि हे सगळं बसची वाट बघता बघता करतात. पण ‘निबंध ईमेल करा’ म्हटलं की वर्गात सुतकी शांतता पसरते. एकानं अख्खा निबंध विषयाच्या ओळीत लिहून पाठवला, खाली पत्र कोरं. एकीनं कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला, त्यात निबंध अर्धा आणि छताचा पंखा पूर्ण दिसत होता. आणि शोधायला काय टाकतात, तर “वेरूळबद्दल माहिती द्या, मॅडमला उद्या दाखवायची आहे.” जणू पलीकडे कोणी काका बसलेत आणि त्यांना घाई आहे हे कळायला हवं.

म्हणून मी ठरवलं, यांना खरंखुरं काम द्यायचं. काम माझ्या डोळ्यांसमोरच होतं. मी रोज तिथंच जेवत होते.

औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खानावळ आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. एकटीपुरता स्वयंपाक करायचा मला मनस्वी कंटाळा, म्हणून नवऱ्याची बदली झाल्यापासून मी तिथं जेवते, आणि तो रजेवर आला की तोही. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि काकूंची मर्जी असली तर वाटीत दही. तिथं जेवणाची स्तुती करायची पद्धत नाही. कुणी “वा, काय चव आहे!” म्हटलं की काकू त्याच्याकडे संशयानं बघतात. आवडलं असेल तर आणखी भाकरी मागायची, हीच पावती.

पण भाकरी मागणारी तोंडं कमी होत चालली होती. पूर्वी नवीन पोरगा शहरात उतरला की सिनिअर पोरं त्याला धरून काकूंकडे आणायची. आता तो उतरायच्या आधीच फोनवर खानावळ ठरवून येतो. दोन गल्ल्या पलीकडे एक नवी खानावळ निघाली होती, भिंतीवर रंगीत दिवे, ताटात पराठ्यावर कोथिंबिरीचं पान. फोनवर ती दिसायची, काकू दिसायच्या नाहीत. काकूंच्या पुण्याच्या लेकीनं तर सांगून टाकलं होतं, की या जूनमध्ये बाकं भरली नाहीत तर गाशा गुंडाळायचा आणि माझ्याकडे यायचं.

“लेकीच्या घरी चार दिवस बरं वाटतं मॅडम,” काकू म्हणाल्या. “जल्मभर नाय. तिथं मला कोण भाकर मागंल? जावई चपाती खातो, ती बी एक.”

मला फार वाईट वाटलं. थोडं स्वतःसाठीही वाटलं, लपवत नाही.

मी पोरांना सांगितलं, हाच तुमचा प्रकल्प. काकूंना नकाशावर आणा.

पोरांनी आणलं. आधी खूण शेजारच्या दातांच्या दवाखान्यावर पडली आणि दोन दिवस ‘घरगुती जेवण’ असं त्या डॉक्टरच्या नावाखाली दिसत होतं. मग ती जागेवर आली. वेळ काय टाकायची विचारलं तर काकू म्हणाल्या, “अकराला चालू. पण नळ आला तर पाणी भरून झाल्यावर.” आणि नळ कधी येतो? यावर अख्खी खानावळ हसली. आमच्या शहरात हे विचारणारा माणूस बाहेरगावचा असतो. शेवटी पोरांनी ‘अकरा’ टाकून विषय संपवला. फोटो काढले, आणि जेवणाऱ्या सगळ्यांनी पाच-पाच तारे दिले. अभिप्राय मात्र सगळ्यांचा एकच, “नाईस.” फार झालं तर “नाईस काकू.” येसरच्या आमटीवर चार ओळी लिहा म्हणून मी ओरडले, तर एकानं लिहिलं, “आमटी पण नाईस.”

तरी जमलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काकूंची खानावळ पाचाला खेटून उभी होती. मी फोन काकूंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बोटानं खाली-वर करत सगळं पाहिलं.

“कुणीच नावं ठिवली नाय?”

“एकानंही नाही!” मी अभिमानानं म्हणाले.

काकूंच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. त्या “व्हय का,” म्हणाल्या आणि उठून कणगीकडे गेल्या. मला वाटलं, बाई भारावल्या.

सुट्टीत मी नांदेडला गेले. जूनमध्ये परत आले तर बाकं रिकामी. जुनी तीन-चार पोरं आणि मी. खालच्या रस्त्यावरून नवीन पोरं आई-बापांबरोबर फोन हातात धरून जात होती, आमच्या जिन्यापाशी क्षणभर थांबत होती आणि पुढे दिव्यांकडे जात होती. मी फोन उघडून पाहिला. खानावळ पाचावरून घसरून तिनाच्या खाली आली होती. कुणीतरी एकेक तारा टाकत सुटलं होतं.

माझं डोकंच फिरलं. दिव्यांवाल्यांचं काम, दुसरं कोण! मी वर्गात जाहीर केलं, आजचा धडा, खोटे अभिप्राय कसे ओळखावेत. सगळं भिंतीवरच्या पडद्यावर मोठं करून लावलं. पोरं वर्षभरात पहिल्यांदाच सावरून बसली.

एकेक तारा देणाऱ्यांची चित्रं आम्ही तपासायला घेतली. एक गुलाबाचं फूल. एक दात नसलेलं बाळ. एक मोटरसायकल. बहुतेकांनी काही लिहिलेलं नव्हतं. एकानं मात्र लिहिलं होतं, “काकूंना कुणाची नजर न लागो,” आणि दिला होता एक तारा.

“मॅम, हा टोमणा आहे,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. “शब्द गोड आणि काम वाईट.” मी मान डोलावली. पोरगी विचार करायला लागली याचं मला कौतुक वाटलं.

पुढचं चित्र आलं. मकबऱ्यासमोर काळा चष्मा लावून, पोट आत ओढून उभा असलेला एक गृहस्थ. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅम, हा माणूस तोंडावरूनच संशयास्पद वाटतो.” दुसरा म्हणाला, “पैसे घेऊन करणारा असेल. अजून मोठा करा.”

मी मोठा केला नाही. पडदा बंद केला. तो फोटो मी काढला होता. पोट आत ओढा म्हणूनही मीच सांगितलं होतं.

जिन्यात उभी राहून मी नांदेडला फोन लावला. “तुम्ही काकूंना एक तारा दिलात?”

पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग नवरा म्हणाला, “कोणाला सांगायचं नव्हतं.”

“का पण?”

“काकूंनी फोन करून सांगितलं होतं. गुपचूप करा, वाच्यता करू नका, मॅडमला तर मुळीच सांगू नका.”

मी तशीच रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. काकू भाकऱ्या थापत होत्या. बांगड्यांच्या दुकानातल्या खाला वर येऊन मेथी निवडत होत्या, त्यांची रोजची दुपारची जागाच ती. मी तावातावानं विचारलं, हे एकेक तारे तुम्ही सांगून टाकायला लावलेत का?

“व्हय,” काकू म्हणाल्या, थापणं न थांबवता. “तीट लावली.”

“काय लावली?”

“तीट वो! काजळाची. लेकरू गोरंगोमटं असलं तर गालाला लावत्यात का नाय? त्ये काय लेकरू वाईट म्हणून? अख्खे पाच-पाच तारे, एक बी डाग नाय, अन् सारी दुनिया बघतीय! नजर लागायला काय उशीर? दिव्यावाल्याच्या दारात लिंबू-मिरची हाय, मी तुमच्या नकाशावर लिंबू कुटं बांधू?”

खाला मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, “मैं भी लगाई ना काला टीका. गुलाब का फूल है सो मेराच है. क्या बुरा करी मैं?”

“पण खाला, एक टीका समजू शकते. हे इतके?”

“आता तारे वाढत चालले तर तीट नको वाढवायला?” काकूंनी मला समजावलं, मी जरा मंद आहे अशा सुरात. “ज्यांचा जीव हाय अशांनाच सांगितलं. परक्याच्या हातानं लावून उपेग नाय. अन् बोलायचं नसतं त्यात, बोललं की जातं सारं.”

मी तिथं बसले आणि इंटरनेट कौशल्यांचा अख्खा पेपर काकूंना शिकवला. तिकडे तारे मोजायला माणूस बसलेला नाही, यंत्र आहे, ते फक्त गणित करतं, बेरीज करून भागतं, त्याला तीट कळत नाही, त्याला ते नावं ठेवणंच वाटतं. पोरं आकडा बघून निघून जातात. काकू ऐकत होत्या. हात हळूहळू थांबला.

“म्हंजे माझ्याच माणसांनी माझी बाकं रिकामी केली?”

मी पर्समधून फोन बाहेर काढला.

“मग काढून टाकायला सांगा सगळ्यांना,” मी म्हणाले. “सोपं आहे, मी दाखवते.”

काकूंनी हाताचं पीठ पुसलं. चेहरा उतरला होता, पण मान ठाम हलली. “नाय मॅडम. लावलेली तीट आपल्या हातानं पुसायची नाय. पुण्याला जायाचं असंल तर जाईन, पण त्ये नाय.”

मी चिडून खाली आले. असल्या माणसांचं भलं करायला जाऊच नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि डोळेही भरले होते.

त्याच आठवड्यात एक बाई सिल्लोडकडून मुलीला घेऊन जिना चढून आल्या. मुलीला जवळच्या होस्टेलवर जागा मिळाली होती. आई मुलीच्याच फोनवर बोट ठेवून काहीतरी वाचत होती. मुलगी कुजबुजली, “आई, इथं तारे कमी हायत. चल ना तिकडं, तिकडं दिवे बी हायत.”

“थांब गं.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मोठ्या वयाची मी एकटीच बसले होते म्हणून. “ताई, ह्ये इथलंच ना? हे वाचा बरं.”

मी वाचलं. “काकूंना कुणाची नजर न लागो.”

“अन् तारा?”

“एक.”

बाई हसल्या. “तीट हाय ती.” मग मुलीकडे वळल्या. “दिव्यावाल्याचं बी पाह्यलं म्या. समदं नाईस, नाईस. तिथं कुणाचा जीव नाय गुतलेला. इथं कुणीतरी भीतंय ह्या बाईला काही होईल म्हणून. बस इथं.”

मुलगी बसली. काकूंनी ताट वाढलं, आणि न मागता दह्याची वाटी आली. मुलीनं पहिली भाकरी मान खाली घालून खाल्ली, दुसरीही. तिसरीला तिनं स्वतःच हात पुढे केला. बाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच खरखरीत आवाजात काकूंना म्हणाल्या, गावच्या आणखी पोरी यायच्यात या वर्षी, त्यांच्या आयांना मी हेच सांगणार हाय. काकू तव्याकडे वळल्या. तव्यावर भाकरी नव्हती.

“पुण्याला फोन करते सांजच्याला,” त्या तव्यालाच म्हणाल्या. “सांगते, वेळ नाय मला.”

निघताना बाईंनी फोन माझ्यापुढे केला. मुलगी हात धुवायला गेली होती. “ताई, तुमाला येतं का यातलं? मला बी द्यायचेत तारे.”

“येतं की,” मी म्हणाले. “तोच माझा विषय आहे. किती देऊ?”

बाईंनी पाठमोऱ्या लेकीकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला इथं सोडून त्या एकट्या बसनं परत जाणार होत्या.

“एकच द्या,” त्या हळूच म्हणाल्या. “लई चांगलंय इथं.”

मी एकही शब्द न बोलता एका ताऱ्यावर बोट ठेवलं.