करंजीची मुरड, काडतुसाची मुरड

मला सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? पुस्तकावर, यंत्रावर, की मित्राच्या हातावर? इकडे परदेशात, बॉटनी डाउन्स या उपनगरात माझं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं आणि रविवारी पिस्तूल क्लब. तिथे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांसारखे किस्सेही पायाशी साचत जातात. फुटका कुठला, ते वाकून उचलल्यावरच कळतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्यातले बरेच जण काडतुसं घरीच, गराजमध्ये भरायचे. पुंगळीत पावडर, वर गोळी, मग पुंगळीचा काठ गोळीभोवती आवळायचा. हे क्रिम्पिंग. माझी बायको त्याला मुरड म्हणायची, करंजीसारखी!

*

अल्बनी उपनगरातला किरण, मूळ पुण्याचा, आयटीतला. त्याने पहिल्यांदा रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरली, पण मुरड राहिली सैल. दोन बार काढले तोवर दणक्याने बाकीच्या गोळ्या पुढे सरकल्या आणि काडतुसांचं सिलिंडर फिरेना. भर मॅचमध्ये! आमचा म्हातारा रेंज ऑफिसर ग्रॅहम म्हणाला, "मेट, तुझी गन संपावर गेली!"

*

मग किरणने रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तूल घेतलं आणि सगळंच करकचून आवळायला लागला.

मी म्हटलं, "फार आवळू नकोस रे. पुंगळीचं पितळ परत फाकतं, गोळीचं शिसं दबलेलंच राहतं. गोळी उलट सैल होते."

"काका, टाइट केलं की सैल होतं? हे कुठलं फिजिक्स?"

"दुकानातलं!"

हसला. ऐकलं नाही.

*

ग्रॅहमचा एक नियम होता. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस उडवायचं नाही. "माझ्या भावाने भरलेलंसुद्धा मी उडवत नाही."

मी विचारलं, "का? माणूस बरा नाही?"

"खूप चांगला आहे. एकच डोळा आहे त्याला."

*

दिवाळीला किरणने फराळाच्या डब्यासोबत जयंतला काडतुसांचा एक बॉक्स दिला. जयंत आमचा डेंटिस्ट. क्लबातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यानेच भरलेल्या. मी डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं.

जयंत हळूच म्हणाला, "फराळ परत करतात का, काका!"

त्या रविवारी तिसऱ्या बाराला त्याचं पिस्तूल हातात फुटलं.

*

"सगळी चेक केली होती!" किरण ओरडत होता. ग्रॅहमने उरलेल्यातलं एक काडतूस उचललं, टोक टेबलाच्या कडेला लावून अंगठ्याने दाबलं. गोळी आत गेली. दुसरं दाबलं. तीही गेली. गोळी अशी आत सरकली की पावडरला जागा उरत नाही, दाब भलताच वाढतो आणि पिस्तूल फुटतं.

किरण खाली बघून म्हणाला, "त्यातली काही सैल वाटली होती. म्हणून परत आवळली. वाया कशाला घालवायची?"

जयंतचा हात वाचला. उजव्या हाताच्या दोन बोटांना स्पर्श मात्र कळेना. क्लिनिक दुसऱ्याकडे गेलं.

*

पुढच्या दिवाळीला किरण माझ्याकडे बसला होता, तेवढ्यात जयंत आला. किरण उठून उभा राहिला. जयंतने त्याच्यापुढे डबा ठेवला.

"करंज्या. मुरड मी घातलीय, डाव्या हाताने. तीन तळताना उघडल्या, त्या कागदात वेगळ्या बांधल्यात. बाकीच्या निर्धास्त खा."

किरणने डबा दोन्ही हातांनी उचलला.

"तूही कुणाला काही देशील," जयंत म्हणाला, "तेव्हा हिशोब एवढा खरा ठेव."