आधी भावाकडे

रघुनाथ सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जामनेरच्या कॉलेजात तास संपवून बाहेर पडत होते. त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, बाबा गेले…" महिना उलटला, तरी त्यांच्याविषयी भूतकाळात बोलताना जीभ अडखळते.

जळगावला ते आम्हाला तत्त्वज्ञान शिकवायचे. भडगावकडच्या शेतकरी घरातला, कपाळाला गंध लावणारा हा माणूस आयुष्यभर आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांत रमला. त्यांचा विषय ‘शांती’. सांगायचे, "रोमची शांतता सैन्याच्या धाकावर टिकायची. सगळे गप्प, म्हणून शांत. हे ख्रिस्ती विचारवंत म्हणाले, धाकानं गप्प झालेल्या घरात शांती कुठली? तुटलेलं नातं जागेवर आलं, की ती येते." एकदा ते त्या काळच्या ख्रिस्ती उपासनेबद्दल बोलत होते. भाकरी अर्पण करण्याआधी लोक एकमेकांना शांतीचं अभिवादन करत. ज्याचं कुणाशी वैर असेल, त्यानं आधी ते मिटवून यायचं. इथं सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "माझा सख्खा भाऊ कित्येक वर्षं माझ्याशी बोललेला नाही. मी हे तुम्हाला कोणत्या तोंडानं शिकवू?"

त्याच रविवारी ते भडगावला गेले. थोरल्या भावाशी, आबांशी, विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं होतं. आबांनी त्यांना पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सर ओट्यावर बसून राहिले, संध्याकाळच्या एसटीनं परतले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही.

"काय मिळतं सर तिथं बसून?" मी न राहवून विचारलं.

"अजून काहीच नाही. पण आता मी गप्प असतो, तो रागानं नाही."

उन्हाळाभर हे चाललं. मग एका रविवारी आबा बाहेर आले, शेजारी टेकले. पाण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही; कापसाबद्दल बोलले. पाण्याच्या पाळ्या पुढे केव्हातरी ठरल्या. सरांचं जाणं मात्र शेवटपर्यंत थांबलं नाही.

गेल्या रविवारी मी आबांना भेटायला गेले. ते एकटेच ओट्यावर होते, अंगावर ऊन आलेलं. सून दोनदा आत बोलावून गेली, ते हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाले, "तो गया, माले मालूम शे… पन ऐतवारले घरमा बसाले जमत नही, माय."