बटणाएवढी गाळणी

औषधांच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. चादर घ्यायला गेली तरी ही बाई ती उजेडासमोर धरून वीण बघणार आणि दुकानदाराला भंडावून सोडणार. सासू म्हणायची, "हिला पाणी द्या, आधी विचारेल, ओलं का आहे!"

त्या दिवशी मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. खोकल्याच्या औषधाच्या नव्या बॅचमध्ये मूळ औषध तपासणीत कमी भरलं होतं, आणि मिसळायच्या टाकीवर होता तिचा धाकटा दीर. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर त्याला घरी बसवणार, असं साहेबांनी सांगून टाकलं.

"वहिनी, आईशप्पथ, सगळं मापात टाकलंय," तो दारातूनच म्हणाला.

"मग गेलं कुठं, भावजी? त्याला काय पाय फुटले?"

विचारलं खरं, पण तो प्रश्न तिच्याच डोक्यात ठाण मांडून बसला. औषध मोजायच्या यंत्रात घालण्याआधी नमुना सिरिंजमध्ये भरून बटणाएवढ्या गाळणीतून ढकलायचा, हे तिचं रोजचं काम. नमुना ज्यात मिसळायचा त्या नव्या द्रावणात आधीची गाळणी विरघळायला लागली, म्हणून तिनंच नायलॉनची निवडली होती. द्रावणात भिजत घालून पारखलीही होती. जशीच्या तशी राहिली होती.

तिनं एकच नमुना गाळून एकापाठोपाठ तीन कुप्यांत धरला आणि तिन्ही मोजल्या. पहिल्या धारेत औषध अगदीच कमी, पुढच्या कुपीत जास्त, शेवटच्या कुपीत आणखी जास्त.

"अगं बया! ही गाळणीच खातेय की काय? आणि पोट भरेल तसं खाणं कमी!"

मागं येऊन उभे राहिलेले साहेब हसले. "दिरासाठी गाळणीवर आळ घेता होय?"

"मग तुम्हीच गाळा की. आणि थोडं न गाळता त्या फिरकीच्या यंत्रात गरगर फिरवा, म्हणजे गाळ आपोआप तळाला बसेल."

साहेबांनी बाह्या सारल्या. फिरवलेल्या नमुन्यात औषध पुरेपूर भरलं. पीव्हीडीएफ नावाच्या दुसऱ्या जातीच्या गाळणीतूनही तेवढंच उतरलं. नायलॉनमधून पुन्हा कमी.

"नायलॉन कुणी पसंत केलं होतं?"

"मीच. द्रावण गाळणीला खातं का, ते पाहिलं. गाळणी औषधाला खाते का, ते पाहायचं सुचलंच नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग दारातल्या दिराला म्हणाले, "जा, टाकीवर जा."

दिरानं वहिनीकडे डोळे वटारले. "म्हणजे माझ्या पोटावरचा पाय तुमचाच होता होय?"

"होता. आता उचलला ना? निघा!"