आरशांच्या घरातला राउटर

माझे सासरे आरसे बनवतात आणि स्वतः कधी आरशात बघत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता. दाढी ते हाताने चाचपून करतात. भांग अंदाजाने पाडतात आणि तो कायम डावीकडे घसरलेला असतो. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही नानाच म्हणते. नवा आरसा तपासायला उभे राहिले की त्यांच्या हातात एक लोखंडी पट्टी असते. ती आडवी धरायची आणि तिचं प्रतिबिंब कुठे वाकतंय का तेवढं बघायचं. पट्टीच्या मागे आपला चेहराही आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

आरसा तयार होताना मात्र बघावा. काच धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन नाना ती आडवी ठेवतात आणि वरून चांदीचं पाणी ओततात. आधी ती चहासारखी तपकिरी होते. मग काळपट होते, इतकी घाणेरडी की सगळं वाया गेलं असंच वाटावं. आणि मग त्या काळपट पाण्यातून हळूच छताचा पंखा दिसायला लागतो. दहा वर्षं मी हे बघतेय. अजूनही त्या वेळी माझ्या हातातलं काम थांबतं. नानांनी हे साठ वर्षं केलंय, पण तेही श्वास धरून उभे असतात.

त्या मानाने माझं काम कोरडं. मी ऐकते आणि टाइप करते. दूरच्या एका कॉलेजात गुराढोरांच्या डॉक्टरकीचा वर्ग भरतो आणि त्या वर्गात एक मुलगी आहे जिला ऐकू येत नाही. तिच्या बाकावर एक छोटा माइक असतो. त्यातून सरांचं बोलणं माझ्या कानात येतं, मी ते शब्द न् शब्द टाइप करते आणि तिच्या पडद्यावर ते उमटतं. सांगायला एवढंच. पण मला ते कधीच एवढंच वाटलं नाही. इथे माझी बोटं चालतात आणि तिथे, जिथे मी जन्मात गेलेली नाही, तिथे कुणाला तरी कळतं की गायीच्या पोटात चार कप्पे असतात.

पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग आवाज तुटायला लागला. सर म्हणायचे, घोड्याच्या पायाला सूज असेल तर, आणि पुढे शांतता. पाच-सहा सेकंदांनी वाक्याचं शेपूट यायचं. मी मधलं काय टाइप करणार, कपाळ? मुलगी खाली लिहून पाठवायची, "परत सांगाल का?" आधी दिवसातून एकदा, मग दहादा. माझ्याकडेच नसलेलं मी तिला काय परत सांगणार होते. मग एका आठवड्यात तिने विचारणंच सोडून दिलं. ते मला फार लागलं. विचारत होती तोवर तिला आशा होती.

शुक्रवारी मला हे काम देणाऱ्या कंपनीची चिठ्ठी आली. सोमवारीही लाइन तुटली तर हे काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. नव्या माणसाला जनावरांच्या हाडांची नावं शिकायलाच तेवढे दिवस लागले असते. मला लागले होते.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मग लांबलचक बोळ, बोळ शेवटी काटकोनात वळतो आणि वळणापलीकडे माझी खोली. इंटरनेटची तार दुकानात येते, राउटरही तिथेच. मी दुकानात बसू शकत नाही, कारण तिथे काचेच्या कडा घासायचं मशीन दिवसभर किंचाळतं. मोबाइलची रेंज मागच्या खोलीत नावालाही नाही. बोळातून तार ओढून पाहिली, तर दुसऱ्याच दिवशी काचेच्या कडेखाली येऊन तिचे दोन तुकडे झाले. ती काच नवऱ्यानेच सरकवली होती, पण त्याचं म्हणणं, तार मध्ये आली.

तेव्हा जुना राउटर म्हातारा झाला, असा आम्ही सगळ्यांनी निकाल देऊन टाकला. नवऱ्याने शनिवारी सकाळी बाजारात जाऊन सहा शिंगांचं एक महागडं धूड आणलं. ते उलटं पडलेल्या खेकड्यासारखं दिसायचं. खोक्यावर लिहिलं होतं की तीन मजली बंगल्याला पुरेल. आमची मागची खोली त्याला पुरून उरली. दुकानात वेग असा की बघत राहावं, बोळाच्या वळणापर्यंत बरा, आणि माझ्या टेबलाशी शून्य. माझं डोकं फिरलं. मी नवऱ्याला नको ते बोलले, कंपनीला बोलले, खेकड्याला तर फारच बोलले. नाना तिथेच काच पुसत होते.

दुपारी तो खेकडा परत करायला मी स्वतः गेले. राउटरच्या दुकानातली बाई माझ्याच वयाची, बोटांना चिकटपट्टी लावलेली. तिने मला दुसरं काही विकायची घाई केली नाही, याचंच मला आधी नवल वाटलं. तिने समजावलं की शिंगं मोजून राउटर घेऊ नये. लहरी दोन प्रकारच्या असतात, एक वेगवान पण लवकर दमणारी, एक जरा सावकाश पण लांब जाणारी. टायपिंग आणि आवाज यांना सावकाशवाली भरपूर होते आणि ती साध्या, स्वस्त राउटरमध्येही असते. राउटर कपाटात कोंबू नये, उंचावर मोकळा ठेवावा. मग तिने विचारलं, वाटेत काय काय आहे. मी म्हटलं, भिंत आणि बोळ. ती म्हणाली, पत्रा, फ्रीज, पाण्याची टाकी? मी म्हटलं, छे, काही नाही, बोळ रिकामाच आहे. हे मी अगदी छातीठोकपणे सांगितलं.

दोन शिंगांचा, साबणाच्या वडीएवढा राउटर घेऊन मी घरी आले. आठवड्यात परत आणला तरी चालेल, असं तिने सांगितलं होतं. आमच्या दुकानात शेल्फावर उंच ठेवला. टेबलाशी आवाज आला, तुटला, आला, तुटला. खेकड्यापेक्षा किंचित बरं, पण सोमवारी उभं राहण्यासारखं नाही. मी हात टेकले. खोलीच्या उंबऱ्यावर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

नाना बोळातून हात पुसत आले आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसले. एवढ्या वर्षांत ते असे माझ्यासमोर कधी बसले नव्हते. त्यांनी विचारलं, हे तुटणं नक्की कधीपासून सुरू झालं. मी तारीख सांगितली. ते उठले, भिंतीवर माल आल्यागेल्याच्या खडूच्या रेघा असतात त्या वाचून आले. मग म्हणाले, मधल्या मंगळवारी आणि बुधवारी तुझं काम चाललं होतं ना? मला आठवलं, खरंच चाललं होतं, ते दोनच दिवस. त्यांना हे कसं माहीत, असं मी विचारलं.

"तू सांगितलेल्या तारखेला नाच शिकवणाऱ्या शाळेचा माल वळणावर लागला. मंगळवारी सकाळी तो गाडी भरून गेला," नाना म्हणाले. "गुरुवारी पुढचा माल वळणावर लागला. दोन दिवस वळण मोकळं होतं."

माझ्या डोक्यात अजूनही उजेड पडला नव्हता. मग त्यांनी विचारलं, ही तुमची लहर असते तरी कशी, वाऱ्यासारखी की पाण्यासारखी? मी शाळेत शिकलेलं आठवून सांगितलं की ती उजेडाचीच बहीण आहे, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

नानांनी मान वळवून बोळाच्या वळणाकडे पाहिलं.

"उजेडाची बहीण? मग पोरी, ती आरशातून पलीकडे जाईल कशी?"

मी वळून बोळाकडे बघितलं. दोन्ही भिंतींना आरसे. आणि बरोबर वळणावर, माझ्या खोलीकडे जाणाऱ्या तोंडाशी, पुरुषभर उंचीचे चौदा आरसे एकावर एक रेलून उभे. प्रत्येकाच्या पाठीवर चांदी. त्यांना वळसा घालून मी दिवसातून वीसदा जाते. आणि त्या बाईला मी सांगून आले होते की बोळ रिकामा आहे. पण कुणी पत्रा ठेवला असता तर आम्हाला दिसला असता. आरसे आम्हाला दिसतच नाहीत. आमच्या घरात आरसा म्हणजे माल, आणि माल कायमच बोळात असतो.

चौदा आरसे ठेवायला दुसरी जागा नव्हती. नवरा म्हणाला, शाळेला फोन करून आजच गाडी बोलवू. शाळा बुधवारी घेणार होती. नानांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच चमकत होतं आणि आरशाकडून आणखी काय काम करून घेता येईल, हे साठ वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

रविवारी भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढायला लावलं, खिडक्यांवर गोणपाट टाकायला लावलं. बोळात मिट्ट काळोख झाला. नवऱ्याला त्यांनी शेल्फापाशी, राउटरच्या जागी, बॅटरी धरून उभं केलं आणि हलायचं नाही अशी तंबी दिली. चौदातले तेरा आरसे आम्ही तिघांनी मिळून बोळाच्या भिंतींना सपाट लावले होते. उरलेला एक नानांनी वळणाच्या कोपऱ्यात तिरपा उभा केला. त्याखाली लाकडाची पाचर सारली, काढली, पुन्हा सारली. बॅटरीचा उजेड आधी छतावर गेला, मग माझ्या दाराच्या चौकटीवर. नाना आरशाची कड दोन बोटांनी एवढी एवढी हलवत होते. सत्तरी उलटलेल्या माणसाची बोटं, पण एकदाही थरथरली नाहीत.

आणि उजेड आत आला. बोळातून सरळ येऊन, काटकोनात वळून, माझ्या खोलीत शिरला आणि टेबलावर कीबोर्डपाशी येऊन थांबला. बॅटरीचा साधा पिवळा डाग तो. मी तिथे हात ठेवला तर हात उजळला. मी नानांना म्हटलं, लहर काही उजेडासारखी सरळ रेषेत चालत नाही, ती पसरते, इतकं नेमकं जमेलच असं नाही. शिकलेली ना मी. नाना म्हणाले, पसरू दे, मोठा आरसा त्यासाठीच घेतला.

बॅटरी विझवून आम्ही राउटर चालू केला. दोन शिंगांचा तो स्वस्तातला राउटर. माझ्या टेबलाशी सगळ्या रेघा भरल्या. मी लॅपटॉप उचलून कोपऱ्यात गेले, पलंगापाशी गेले, परत टेबलाशी आले. रेघा हलल्या नाहीत. नवरा म्हणाला की त्यालाही हे सुचलंच असतं. माझं लक्ष नानांकडे होतं. ते कोपऱ्यातल्या त्या आरशासमोर उभे होते आणि हातात पट्टी नव्हती. आरशावरून वळणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कशाकडे तरी ते बघत होते. मी आजवर या माणसाला फक्त चांदीचं पाणी ओतणारा कारागीर समजत होते, याची मला लाज वाटली.

सोमवारी दहाला वर्ग सुरू झाला. नानांनी मशीन बंद ठेवलं होतं, खरं तर त्याची गरज नव्हती. ते माझ्या दाराशी स्टूल घेऊन बसले. नवऱ्याला बोळातून जायची बंदी होती. मी हेडफोन लावले. सरांचा आवाज आला. स्वच्छ, अखंड. पहिली दहा मिनिटं मी प्रत्येक वाक्यानंतर तुटण्याची वाट बघत होते. मग विसरले. बोटं आपोआप चालत होती.

विषय होता घोड्याला सुई कशी द्यावी. सर म्हणाले, "घोड्याच्या मागे कधीही उभं राहू नका. मी एकदा राहिलो होतो, म्हणून आता फक्त शिकवतो." ते बोलत असतानाच माझी बोटं शेवटच्या शब्दावर होती. पूर्णविराम दिला आणि वर्ग हसला. चाळीस मुलांचं हसू एकदम कानात आलं. आणि त्यातच, माइकच्या अगदी जवळून, एक मोठं, मोकळं, जरा जास्तच उंच हसू आलं. स्वतःचा आवाज कधी न ऐकलेल्या माणसाचं हसू. बाकीच्यांच्या आधी नाही, मागून नाही, त्यांच्याबरोबर.

तीन महिन्यांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि बोटं थांबवता येत नव्हती, कारण सर पुढे बोलतच होते. मी एका हाताने हेडफोनची तार उपटली. आवाज खोलीभर झाला. वर्ग अजून हसत होता.

नानांनी स्टुलावरून मान पुढे केली. विचारलं, काय झालं, परत तुटलं का?

"नाही नाना," मी टाइप करता करताच म्हटलं. "ही जवळून हसतेय ना, ती आपली मुलगी."

नाना ऐकत राहिले. हसणं ओसरलं, सर पुन्हा सुईकडे वळले, तरी ते तसेच दाराच्या चौकटीला हात लावून ऐकत बसले होते.