हसाजी झिराडकराची माती

हसाजीचा श्वास थांबला तेव्हा रिबकाबाई रडली नाही. आधी तिनं घरातलं सगळं साठवलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. मयताच्या घरी साठवणीचं पाणी ठेवायचं नाही, अशी तिच्या लोकांची रीत. मग विहिरीचं ताजं पाणी आणून तिनं नवऱ्याला स्वतःच न्हाऊ घातलं आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलं. हे काम खरं तर जातीतल्या पुरुषांचं. पण अकोल्यात बेने इस्राएल यहुद्यांचं दुसरं घर होतं कुठे?

अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि रुईच्या गाठी बांधायचे लाकडी दाब बनवायला हसाजी सुतार कोकणातून इथं आला. शनिवारी यांची चूल पेटत नसे. घरात देवाची मूर्ती नाही. चौकटीला मात्र हसाजीनं कोरलेली सागाची नळी, आत हिब्रूत लिहिलेलं चामड्याचं पान. शेजारी त्याला ताईत म्हणत, आणि समजावून समजावून थकलेला हसाजीही शेवटी हो म्हणू लागला होता. रिबकाबाईला ते अक्षर वाचता येत नसे. देव एकच आहे असं सांगणारी शेमा तेवढी तोंडपाठ होती. आणि देह मातीचा, तो अख्खा मातीलाच परत द्यायचा, हे पक्कं ठाऊक होतं.

घरमालक खुशालराव माणसं आणि लाकडं घेऊन आला, पण अंगणाबाहेरच थांबला. पटकीनं मेलेल्याच्या दारात कोण जातो?

"वयनी, दिवस बुडाच्या आंधी जाळा लागते. पाटलाचा हुकूम हाय."

"आमच्यात जाळत नाहीत, भाऊ. पुरायला जागा द्या."

"जागा? बांधावरही पऱ्हाटी लावली हाय मी. कुठची देऊ?"

खोटं नव्हतं ते. कापसाच्या भावाच्या नादानं त्यानं बायकोचा, गोदाबाईचा वांग्यांचा वाफासुद्धा मोडला होता.

"माह्यावर पाटील येईन. अर्ध्या घटकेत पोरं आत येतीन, सांगून ठेवतो."

रिबकाबाईनं दार लावलं, कडी घातली. कोपऱ्यातली कुदळ तिनं उचलली आणि सारवलेल्या जमिनीत घातली.

बाहेर तो आवाज ऐकू गेला.

"काय करून राहिल्या तुमी?" खुशालरावानं दार बडवलं.

"इथंच पुरते. मग घर पाडा नाहीतर मला पण आत टाका."

कुदळ थांबेना. माणसं दार फोडू म्हणाली. खुशालरावानं त्यांना हातानं मागे सारलं. मग म्हणाला, "घरात नोका खंदू, वयनी. या बाहेर."

घरामागच्या वावरात त्यानं हातानं पऱ्हाटी उपटायला सुरुवात केली. बोंडं भरत आलेली होती. माणसं खड्डा खणून लांब सरकली.

"पाय कोनीकडे?" खुशालरावानं विचारलं.

"मावळतीला. तिकडे येरुशलेम आहे. आमचं गाव."

"कधी गेल्ता का?"

"आमच्यातलं कोणीच नाही गेलं."

पांढरं ओझं ती एकटी ओढत आणत होती, ओठांवर शेमा होती. माणसांनी तोंडावर उपरणी धरली, एकही पुढे आला नाही. तेव्हा खुशालरावानं आपलं उपरणं बांधावर टाकलं, खड्ड्यात उतरला आणि हसाजीला घ्यायला दोन्ही हात वर केले.