धुळ्याच्या पाहुण्यांना मी काय सांगितलं

यांना नाही, भुसावळच्या माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी एवढं एक वगळून बाकी सगळं बोलत आले. चौदा वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर — असू दे.

कुठून सुरू करू? माझ्या गळ्यातल्या पोतीपासून करावं लागेल, पण त्याआधी दीपनगर.

माझं लहानपण दीपनगरच्या कॉलनीत गेलं. वडील वीज केंद्रात ऑपरेटर. तिथे कोण मोठा, कोण लहान हे लपवायची सोयच नव्हती. कोणत्या टाईपचं क्वार्टर मिळालंय यावरून ते साऱ्या कॉलनीला ठाऊक असायचं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख साहेबांच्याही पडायची आणि आमच्याही. कोणी उगीच तोरा मिरवला तर बाया हसायच्या, पण तोंडावर हसायच्या. पाठीमागे हसणं काय असतं, ते मला जळगावला आल्यावर कळलं. कळलं — की मीच ठरवलं?

यांचं गाव बोदवड, नोकरी जळगावला बँकेत. आम्ही कॉलनीत लहानसं घर घेतलं. शेजारच्या बंगल्यात प्रमिलाकाकू राहायच्या. काकांचं यावलकडे केळीचं शेत, घरात एकच मुलगी, कल्याणी. चकचकीत टाइल्स, हॉलभर पीओपी, दारात गाडी. मला वाटायचं, जळगावात माणसं बाईच्या गळ्याकडे आधी बघतात आणि तोंडाकडे नंतर. लग्नात, बारशाला, भाजी घेतानासुद्धा. नजर आधी गळ्यावर, मग हातांवर, मग डोळ्यांत. खरंच सगळे तसे बघायचे का? काही बघत असतील. पण मी तर प्रत्येकीवर संशय घ्यायचे.

म्हणून मी एक ग्रॅमची पोत घेतली. सोन्याचं नुसतं पाणी दिलेली, लांबून खरी वाटणारी. काकूंच्या हळदीकुंकवाला घालून गेले. काकूंनी ती बोटांनी सरळ केली आणि छान आहे, कुठे केलीस, म्हणून विचारलं. मी एका मोठ्या पेढीचं नाव ठोकून दिलं. काकू आत गेल्या, आणि लगेच स्वयंपाकघरात चार बाया हसल्या.

एवढंच झालं. कशाला हसल्या, मला आजही माहीत नाही. पण त्या हसण्यावर मी वर्षभर जगले. काकूंनी वाटीभर भरीत पाठवलं तरी वाटायचं, कीव करतायत. नाही पाठवलं तर वाटायचं, बघा, ओळखलं ना आपल्याला. भिंतीपलीकडे कोणी हसलं की मी मिक्सर बंद करून ऐकायचे.

आणि तरी काकू मला विश्वासातली मानायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. एका दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि त्यांनी सांगितलं की काकांचे हात थरथरतात, बऱ्याच दिवसांपासून कंपवात आहे. कल्याणीच त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन जाते. कोणाला बोलू नकोस, म्हणाल्या, शेतावर कळलं तर माणसं ऐकेनाशी होतील. मी नाही बोलणार म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात कल्याणीला धुळ्याचं स्थळ आलं. आणलं होतं शोभामावशींनी. या काकूंच्या धाकट्या बहीण, धुळ्याला दिलेल्या. बोलायला मोकळ्या. जळगावला आल्या की माझ्याकडेही डोकावायच्या, थेट आत येऊन ओट्याशेजारी खाली बसायच्या. सांगायच्या, तुमच्याकडे पाहुण्याला हॉल दाखवतात, आमच्याकडे पाहुणा आधी चुलीपाशी जाऊन बसतो. धुळ्याला फार थाट दिसला की माणसं बिचकतात, असंही त्या म्हणायच्या. तिथे तुमच्या अंगावर काय आहे यापेक्षा तुम्ही कोणाचे, मामा कोण, भाऊ एकत्र आहेत की वेगळे, हे आधी विचारतात.

मुलगी बघायला पाहुणे आले त्या दिवशी शेजारी असून मला बोलावलं नाही. मी खिडकीतून बघत होते. जुनी जीप, साधे कपडे, एक म्हातारे टोपीवाले. काकूंच्या दारात ती माणसं जरा अवघडून चपला काढत होती. मला का बोलावलं नाही? माझं उत्तर तयार होतं — पाहुण्यांसमोर खोट्या पोतीची शेजारीण नको असेल. पुढे कधीतरी कल्याणीकडूनच कळलं, धुळेकरांनीच सांगितलं होतं, बाहेरचं माणूस एकही नको.

चार दिवसांनी भर दुपारी ते टोपीवाले माझ्या दारात उभे. मुलाचे चुलते, निवृत्त मास्तर. त्यांना सगळे नाना म्हणायचे. बरोबर त्यांच्या घरातून, म्हणजे त्यांच्या बायकोही होत्या. पत्ता विचारायच्या निमित्ताने आत आले, पाणी प्याले, माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर निवांत बसले. माझं घर त्यांना अवघड वाटत नव्हतं, हे मला दिसलं. त्यांना काकूंचं घर पसंत होतं, मुलगी पसंत होती, पण त्या घराची चकाकी बघून मनात पाल चुकचुकली होती. एवढं सजवलंय म्हणजे काही झाकलंय का?

"बठ्ठं चांगलं शे," नाना म्हणाले. "इतलं चांगलं शे का भ्याव वाटस. पोर कशी शे, तू सांग माय."

सगळं इतकं चांगलं की भीतीच वाटते, म्हणत होते. माझं नाव कुठेही निघणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

जळगावात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शब्दासाठी थांबलं होतं. त्या बंगल्याचं काय व्हायचं ते माझ्या बोलण्यावर होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं? नाही — हा प्रश्न मी विचारायला नको. मी काय केलं ते सांगते.

मी म्हटलं, "मुलगी चांगलीच आहे. फक्त तिची डोक्याच्या डॉक्टरकडे काहीतरी ट्रीटमेंट चालू आहे वाटतं. फाईल घेऊन जाताना दिसते. नक्की मला माहीत नाही."

नानांच्या घरातून नानांकडे बघत राहिल्या. मी चहा ठेवू का विचारलं. नको म्हणाले.

स्वतःशी बोलताना मी बरीच वर्षं हे असं मांडायचे — दिसलं ते सांगितलं. फाईल घेऊन ती जायचीच की. नक्की माहीत नाही, हेही सांगितलं. पण मघाशी तुम्हाला लक्षात ठेवा म्हटलं ना? ती फाईल तिच्या वडिलांची आहे, हे मला काकूंच्या तोंडून कळलेलं होतं. नक्की माहीत होतं. 'वाटतं' हा शब्द मी मुद्दाम घातला.

सोयरीक फिसकटली. कारण सांगितलं नाही, पण बातमी उलटून आलीच — मुलीच्या डोक्यावर परिणाम आहे. काकू जेवेनात. घरातली ही गोष्ट धुळ्यापर्यंत गेली कशी? डॉक्टरचं कोणाला माहीत होतं? मला, आणि शोभामावशींना. तेवढ्यात मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि ठरलं ते त्याच मुलाच्या चुलतभावाशी. मग काय, काकूंना उत्तर सापडलं. आपल्या मुलीची जागा करायला माझ्या मुलीला वेडी ठरवली.

हे त्या माझ्याच स्वयंपाकघरात बसून बोलल्या. रडत बोलल्या. मी काय म्हटलं असेल? गप्प बसले असते तरी थोडं कमी पाप झालं असतं. मी म्हटलं, "कोणाचं मन कोणी पाहिलंय, काकू."

त्यानंतर त्या बहिणी बोलल्या नाहीत. मावशींच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका काकूंनी पाकीट न उघडता परत पाठवली. कल्याणीचं दोन वर्षांनी पुण्याला झालं, चांगलं झालं, दोन मुलं आहेत. दिवाळीला आली की सीमाताई म्हणत पहिली माझ्याकडे येते. तिचं तर बरंच झालं, असं मी मनाशी कितीदा म्हटलंय. तिचं झालं. पण त्या दोन बहिणींचं?

आणि मी काकूंची सर्वांत जवळची होत गेले. त्यांना दुसरं कोण राहिलं होतं? एकदा भाजी निवडताना त्यांनी सहज सांगितलं की काकांचं औषधपाणी सुरू झाल्यापासून त्यांच्या हातातल्या पाटल्याही एक ग्रॅमच्याच आहेत. हळदीकुंकवाच्या त्या वर्षीसुद्धा होत्या. त्या हसल्या, मीही हसले. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सहा-सात वर्षांनी काकूंचं ऑपरेशन झालं. काका अंथरुणाला खिळलेले, कल्याणी पुण्याला, त्यामुळे दिवसभर मीच तिथे. एका दुपारी बेल वाजली. दारात शोभामावशी. धुळ्याहून एसटीने आलेल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. अक्काला बघायला आले, म्हणाल्या.

काकू आत जाग्या होत्या. आवाज ओळखला असता तर कदाचित दार उघड म्हणाल्या असत्या. दोघी समोरासमोर आल्या असत्या, बोलल्या असत्या, कोण कोणाला काय म्हणालं ते निघालं असतं, आणि निघता निघता नानांपर्यंत गेलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं. मी दार अर्धं ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं की काकू झोपल्यात, डॉक्टरांनी त्रास होऊ द्यायचा नाही म्हणून सांगितलंय.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. भांडतील असं वाटलं.

"ती जेवते का नीट?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि कोणी दिला ते सांगू नकोस म्हणाल्या. मग पायऱ्यांचा कठडा धरून उतरल्या. डब्यात मांडे होते. काकूंनी ते दुधात कुस्करून खाल्ले आणि विचारलं, कुठून आणलेस? मी म्हटलं, ओळखीच्या बाईने दिले.

मागच्या हिवाळ्यात शोभामावशी गेल्या. फोन आला तेव्हा काकूंनी तो ऐकून ठेवून दिला. अंत्यविधीला गेल्या नाहीत. तेराव्याच्या आदल्या दिवशी मात्र मला म्हणाल्या, सीमा, मला धुळ्याला ने. यांनी गाडी काढली. पारोळ्याला चहाला थांबलो, काकूंनी कप हातात धरून गार केला.

मावशींचं घर मी पहिल्यांदा बघत होते. साधं, स्वच्छ. काकू बहिणीच्या फोटोसमोर बसल्या त्या बसूनच राहिल्या. मी आत मदतीला गेले. मावशींची मुलगी कोथिंबीर निवडत होती. तिने वर न बघता मला सांगितलं, "आईला माहीत होतं. नाना जाण्याआधी सांगून गेले होते, तुमच्या काकूंच्या ऑपरेशनच्या आदल्या वर्षी."

माझ्या हातात ताटं होती.

मग काकूंना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. विचारलं म्हणजे तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, आई म्हणायची की अक्काला तिथे तेवढी एकच बाई आहे, तीही गेली तर तिचं कोण करणार.

म्हणजे त्या दिवशी दारात त्या जे बघत होत्या, ते सगळं माहीत असून बघत होत्या.

परतताना काकू मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. त्या मुलीने त्यांनाही सांगितलं असेल का? मी ताटं लावत होते तेव्हा त्या दोघी दोन मिनिटं खोलीत होत्या. गाडीत मी आरशातून त्यांच्याकडे बघत राहिले. तेव्हापासून बघतेच आहे. काकू हाक मारतात तेव्हा आवाजात काही बदल आहे का, औषधाची गोळी माझ्या हातून घेताना क्षणभर थांबतात का. पूर्वी गळ्याकडे कोण बघतंय ते बघायचे, आता हे बघते. काही दिवस वाटतं त्यांना माहीत आहे. काही दिवस वाटतं नाही. सांगायची हिंमत मला चौदा वर्षांत झाली नाही, आणि आज हे लिहूनही झालेली नाही.

कल्याणीला कसलाही आजार नव्हता. शोभामावशींनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. धुळ्याच्या पाहुण्यांना ते मी सांगितलं, खोटं आहे हे माहीत असून सांगितलं.