मिस अर्लीनचे पांढरे हातमोजे

मिस अर्लीन गेथराइट यांच्याकडे पांढऱ्या हातमोज्यांचे चौदा जोड होते. दोन चर्चसाठी, एक मयतीसाठी आणि उरलेले अकरा बिल्डिंगच्या अकरा मजल्यांसाठी. दर शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्या खालून वर निघायच्या. प्रत्येक मजल्यावर नवा जोड. कठड्यावरून एक बोट फिरवायचं, डोळ्यांसमोर धरायचं, आणि काळं निघालं की त्या मजल्याच्या प्रमुखासमोर नुसतं उभं करायचं. बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं आठव्या मजल्याची प्रमुख व्हर्निस म्हणायची.

"आई लाटणं फेकायची ते परवडलं. हिचं ते बोट माझ्या स्वप्नात येतं गं!"

ही न बोलण्याची सवय चर्चमधली. माउंट एबल बॅप्टिस्टमध्ये दारावर उभं राहून येणाऱ्याला जागा दाखवणाऱ्या ज्या बायका, त्यांच्या मिस अर्लीन सव्वीस वर्षं प्रमुख होत्या. प्रार्थना चालू असताना दारावरच्या बाईनं तोंड उघडायचं नाही. सगळा कारभार हाताच्या खुणांनी. एक बोट वर म्हणजे एक जागा आहे. तळहात उताणा हलवला म्हणजे येऊ द्या. मूठ मिटली म्हणजे जिथे आहात तिथे थांबा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मग पाद्रीबाबांचं प्रवचन दोन तास चालो, नाहीतर पायांना मुंग्या येवोत.

या खुणा एक दिवस लिफ्टच्या कामी येतील, असं मात्र खुद्द मिस अर्लीनना वाटलं नव्हतं.

सेंट लुईसच्या नॉर्थ साईडला लँगफर्ड होम्समधली ही पाच नंबरची बिल्डिंग. सत्त्याहत्तर घरं, सगळी काळ्या माणसांची. एक नंबर आणि दोन नंबर सरकारनं सुरुंग लावून पाडल्या होत्या. आमच्या पाच नंबरकडे डाउनटाउनच्या सरकारी हापिसातून कोणी फिरकत नव्हतं. लिफ्ट एकोणीस महिने बंद होती. त्या काळात जन्मलेल्या पोरांना लिफ्ट म्हणजे भिंतीचाच एक प्रकार वाटायचा. शेवटी त्र्याहत्तर साली भाडेकरूंनी सांगितलं, तुम्हाला जमत नाही ना, मग बिल्डिंग आमच्या हातात द्या. आम्ही चालवतो. हापिसातले साहेब आधी हसले, मग म्हणाले, ठीक आहे, तीन महिने चालवून दाखवा. पाहणीत पास झालात तर किल्ल्या तुमच्या. नापास झालात तर सगळे बाहेर आणि सुरुंग आत.

बाहेर म्हणजे कुठे, हे मिस अर्लीनना चांगलं ठाऊक होतं. एकोणपन्नास साली त्या आणि त्यांचे यजमान लूथर (आमच्यात मानाच्या बाईला लग्नानंतरही 'मिस'च म्हणतात) साउथ साईडला भाड्याचं घर बघायला गेले होते. मिस अर्लीननी तेव्हाही पांढरे हातमोजे घातले होते, कारण घर मागायला जाताना माणसानं नीटनेटकं जावं. एजंट किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत दारात आला. दोघांचे चेहरे बघितले आणि म्हणाला, "आत्ताच गेलं."

लूथर खिडकीकडे बघून म्हणाले, "'भाड्याने देणे'ची पाटी काढायची राहिली वाटतं."

"राहू दे," एजंट म्हणाला.

त्या वर्षी अशी सात घरं 'आत्ताच' गेली. मग काही वर्षांनी लँगफर्ड होम्समध्ये आठव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसायचा. लूथर त्या खिडकीशीच वारले. मिस अर्लीनच्या लेखी ती बिल्डिंग नव्हती, ते शेवटचं उघडं दार होतं.

आणि दार सांभाळणं हा तर त्यांचा हातखंडा.

त्यांनी प्रत्येक मजल्याला एक प्रमुख नेमला आणि सगळ्यांना चर्चच्या खुणा शिकवल्या. कारण जिन्यातून ओरडलं की आवाज घुमतो, अकराव्या मजल्यावरचं 'कचरा आणा' खाली 'कोण मेलं' होऊन पोचतं. हातमोजे मात्र कोणाकडे? व्हर्निसनं भांडी घासायचा रबरी मोजा घातला, पाचव्यानं मुलीचा शाळेच्या बँडमधला, तिसऱ्यानं ओव्हनमधून पीच कॉबलर हा गोड पदार्थ काढायची जाड थैली. जिन्याच्या पोकळीत हात काढून ते रोज संध्याकाळी सराव करायचे.

तळघरात रॉस्को पेटवे. चाळीस वर्षं बोटींचे बॉयलर सांभाळून त्यांचे कान गेले होते, हात मात्र शाबूत. लिफ्टचं यंत्र त्यांनीच जोडजाड करून चालू केलं. पण खुणांना त्यांचा विरोध.

"बाईसाहेब, मी मेथडिस्ट पंथाचा आहे. मला हे बॅप्टिस्टांचे हातवारे कळत नाहीत."

"रॉस्को, देवानं मेथडिस्टांनाही दोन हात दिलेत," मिस अर्लीन त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या. "वापरा."

पाहणीच्या दिवशी मिस्टर क्रेगल आले. गोरे, उंच, हातात ब्रीफकेस. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं आधीच माहीत असायचं. 'अडचणीच्या वेळी हे लोक गोंधळ घालतात, एकमेकांचं ऐकत नाहीत,' असं त्यांनी पाहणीच्या आधीच कागदावर लिहून आणलं होतं. मिस अर्लीननी ते उलटं वाचलं. दारावर उभं राहणाऱ्या बाईला उलटं वाचता येतंच.

कठडे बघून झाले, बॉयलर बघून झाला. मग लिफ्ट. दोघं आत शिरले. सात मजले लिफ्ट शहाण्यासारखी गेली, आणि आठव्याच्या हातभर खाली घर्र करून थांबली. दिवा गेला.

"हेच! हेच मी म्हणत होतो!" क्रेगल म्हणाले. "आता बघा, दोन मिनिटांत आरडाओरडा सुरू होईल."

"ब्रीफकेस द्या," मिस अर्लीन म्हणाल्या.

"कशाला?"

"फटीत घालायला."

त्यांनी दारांच्या फटीत ब्रीफकेस ठोकून बसवली आणि वरच्या बाजूनं हात बाहेर काढला. आठव्या मजल्यावर व्हर्निसला जमिनीलगत एक पांढरा हात उगवलेला दिसला. तिची किंकाळी घशापर्यंत आली होती. तेवढ्यात हाताची मूठ मिटली. व्हर्निसनं किंकाळी गिळली. मग हातानं तीन बोटं खाली दाखवली. तळघर.

रबरी मोजा पोकळीत गेला. खालच्या मजल्यावर एक विणलेला, मग एक बागकामाचा, मग बँडचा, मग एक चामड्याचा, मग कॉबलरची थैली, असा निरोप उतरत गेला. कोणी हूं की चूं केलं नाही. अंधारात क्रेगल कान देऊन उभे होते.

"बिल्डिंगमध्ये कोणी नाही का?" ते हळूच म्हणाले.

"दोनशे ऐंशी माणसं आहेत. श्श."

क्रेगल गप्प बसले. आता दोनशे एक्क्याऐंशी झाली.

थोड्या वेळानं दिवा लागला, लिफ्ट हातभर वर आली, दार उघडलं. क्रेगल बाजूला झाले तर मिस अर्लीन म्हणाल्या, "आधी पाहुणे." लिफ्ट हेसुद्धा दारच, आणि त्यांची बदली आली नव्हती.

खाली जाताना क्रेगलनी जिना पसंत केला. प्रत्येक मजल्यावर एक हात पोकळीत, मूठ मिटलेली, माणूस जागेवर. कोणीही हललं नव्हतं. तळघरात रॉस्को हात पुसत होते.

"फ्यूज होता!"

"पण तुम्हाला कळलं कसं?" क्रेगलनी विचारलं.

"काय?"

"कळलं कसं तुम्हाला?" ते ओरडले.

"ओरडून उपयोग नाही साहेब, मला ऐकू येत नाही."

क्रेगलनी चेपलेली ब्रीफकेस उघडली, आतला कागद काढला आणि लिहून आणलेली ओळ खोडली. दोनदा खोडली. पेन चांगलं नव्हतं म्हणून असेल.

तीन आठवड्यांनी अंगणात सगळी बिल्डिंग जमली. तळलेल्या मांगूर माशाचा वास सुटला होता. क्रेगल किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. मिस अर्लीन पुढे झाल्या, थांबल्या, आणि सगळ्यांदेखत उजव्या हाताचा मोजा काढून पर्समध्ये ठेवला. इतक्या वर्षांच्या ओळखीत व्हर्निसनं तो हात बाहेर उघडा कधी पाहिला नव्हता. धुण्याभांड्यांनी चरे पडलेला, मोठा हात. क्रेगलनी जुडगा तळहातावर ठेवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मिस अर्लीननी किल्ल्यांवर मूठ मिटली.

आणि टाळ्या तत्क्षणी थांबल्या. दोनशे ऐंशी माणसं जिथल्या तिथे. कोणाचा हात अर्ध्यावर, कोणाच्या तोंडात मासा तसाच. क्रेगलसुद्धा एका पायावर थबकले.

शेवटी रॉस्को ओरडले, "बाईसाहेब, मूठ उघडा की! माणसं अवघडली!"

मिस अर्लीननी मुठीकडे पाहिलं.

"नाही उघडत," त्या म्हणाल्या. "अवघडू देत जरा."